अक्काच्या दोन बरण्या

अलिबाग,
बुधवार दुपार

प्रिय अक्का,

उद्या सकाळच्या मोटारीने माझा मजकूर रेवसला जायला हवा. तिथून बोटीने मुंबई आणि संध्याकाळपर्यंत छापखाना. चौदा वर्षं मी साप्ताहिकातलं स्त्रियांचं पान लिहिते आहे, आणि एकदाही बोट चुकवली नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या तेराव्याच्या आठवड्यातही चुकवली नाही. पण आज सकाळपासून चार कागद फाडले. जे लिहायचं आहे ते तुझ्याविषयी आहे. लोकांना सांगण्याआधी ते तुला सांगावं, असं मनाने घेतलं. तू असतीस तर ऐकून घेतलं नसतंस. "चहा टाकू का?" म्हणून उठून गेली असतीस.

तुझ्या हाताखालच्या हौसाने मला सगळं सांगितलं, अक्का. दुसऱ्या बरणीचं.

माझा चेहरा केव्हा बिघडायला लागला, आठवतं तुला? सत्तेचाळिसावं संपलं तेव्हा. गाल आधी कोरडे पडले, मग लाल होऊ लागले. समुद्रावरून चालत आले की मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. हळद-बेसनाने ओरखडे उठले. चंदनाने आग दुप्पट झाली. ग्लिसरिन झोंबलं. यांनी मुंबईहून स्नोची डबी आणली, तर तिच्या वासानेच डोळे सुजले. दवाखान्यातलं जस्ताचं मलम लावलं की मी चुना फासलेल्या भिंतीसारखी दिसायचे. आणि शेजारणी हसून म्हणायच्या, "या वयात आता कोणाला दाखवायचंय, मथूताई?"

तू मात्र तसं म्हणाली नाहीस. नागावच्या ओटीवर मला उजेडात बसवून माझी हनुवटी वर केलीस आणि म्हणालीस, "जळतंय ना? मग आधी जळणं थांबवू. दिसण्याचं मग बघू."

तुझ्याइतक्या चिकाटीने माझ्या चेहऱ्याकडे दुसरं कोणी कधी पाहिलं नाही. वाडीतल्या कोकमाच्या बियांचं तेल तू काढलंस. आपल्याकडे त्याचे थिजवून मुठीत वळलेले गोळे भेगाळलेल्या टाचांना लावतात. ते तोंडाला लावायचं म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. "टाचेची कातडी जोडतं, ते गालाशी काय वैर करणार आहे?" असं तू म्हणालीस. त्यात थोडं मेण, थोडं खोबरेल. आधी गुलाबपाणी घातलं होतंस, तेही मला चुणचुणलं, तर दुसऱ्या दिवशी काढून टाकलंस. आणि किती सावधपणा! तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला, तीन दिवस कानामागे, मग हनुवटीवर बोटभर. मी घाई केली की हातावर चापट मारायचीस. "नव्या सुनेला पहिल्याच दिवशी तिजोरीच्या किल्ल्या देतात का, मथे?"

महिन्याभरात माझा चेहरा शांत झाला. मला उन्हात हसता येऊ लागलं.

मी ते छापलं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, खरं होतं म्हणून. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या कातडीचंही काही दुखतं-खुपतं, हे कोणी लिहीत नव्हतं. पत्रांचा ढीग आला. मग काचेच्या बरण्या आल्या, बायका मोटारीतून नागावला उतरू लागल्या. हौसा मेण वितळवायची, तू घोटायचीस.

एक गोष्ट अवघड होती. बाकीचे विकणारे स्वतःचा चेहरा पुढे करतात. तू एकोणिसाव्या वर्षापासून विधवेच्या लाल आलवणात. तू तोंडाला मलम लावलं असतंस तर गावाने तुला जगू दिलं नसतं. पनवेलच्या त्या जाडजूड बाईंनी विचारलं होतं ना, "तुम्ही स्वतः लावता का हो?" तू हसून माझ्याकडे बोट दाखवलंस. "मला कोण लावू देतंय? हिचं तोंड बघा."

त्यांनी माझं तोंड बघितलं आणि दोन बरण्या नेल्या. तेव्हा मलाही हसू आलं होतं. मी नागावला आले की दिवसाकाठी चार बायका मला खिडकीशी उभं करून न्याहाळायच्या. मी गाल पुढे करायचे. बहिणीचं काम करते आहे, असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी पत्रांची भाषा बदलली. आधी बायका लिहायच्या, आग थांबली, कोरडेपणा गेला. आता लिहू लागल्या, चेहरा उजळला, डाग गेले. मीही आनंदाने छापत गेले. एकदा तुला विचारलंही, "अक्का, सगळ्यांचा उजळतो, मग माझा का नाही?" तू पाटावर बसून बरण्यांची झाकणं पुसत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुझी कातडी हट्टी आहे. तुझ्यासारखीच."

किती सहज बोललीस ते!

मग पालीहून मनोरमाबाईंचं पत्र आलं. मुलींच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या, आता घरी बसलेल्या मास्तरीणबाई. पहिले दोन महिने चेहरा गोरा झाला, आता आग होते, साल निघते, डोळ्यांभोवती काळं पडतं आहे, काय करू? ते पत्र मी तुझ्या हातात दिलं. तू वाचलंस, घडी घातलीस. "साबण घासत असतील. उन्हात हिंडत असतील." मला त्या दिवशी मजकूर द्यायचा होता. मी तेच जरा बऱ्या भाषेत लिहून पाठवलं. त्यांचं दुसरं पत्र आलं, तेव्हा 'उत्तर पूर्वीच दिले आहे' असा शेरा मारून बाजूला ठेवलं. पाली काही काशी नव्हती. एका दिवसात जाऊन आले असते.

तू गेलीस. चार दिवसांच्या तापात, कोणाला काही न सांगता. तेराव्यानंतर मी माजघर आवरायला आले, तर फडताळात पुडी मिळाली. पांढरी, जड, बिनवासाची पूड. मी हौसाला विचारलं, हे काय? ती दाराशीच खाली बसली.

"मथूबाय, आता बोलते. अक्काबाय व्हती तवर त्वांड बंद ठेवलं. तुमची बरनी येगली व्हती."

"वेगळी म्हणजे?"

"तुमच्यात ही पूड कंदी टाकली न्हाय. तुमची पयली करायची. मी धुतल्याल्या खलात. मंग बाकीच्यांची."

"का गं?"

"बोलायची, मथूच्या तोंडाला न्हाय सोसायचं."

मी पुडी घेऊन अलिबागच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिमूटभर कागदावर घेऊन पाहिलं, काचनळीत घालून तापवलं, आणि म्हणाले, "पारा आहे यात, बाई. थोडे दिवस गोरं करतो, मग कातडीच खातो. कोण लावतंय हे?"

तुला ठाऊक होतं, अक्का. चुकून झालं असतं तर मी तुझ्या बाजूने भांडले असते. कोणी फसवून पुडी दिली असती तर त्याला शोधून काढलं असतं. पण मला सोसणार नाही हे जिला कळतं, तिला दुसरीलाही सोसणार नाही हे कळत नाही का? माझ्या पानाला पत्रं लिहिणाऱ्या सगळ्या माझ्यासारख्याच होत्या. नाजूक कातडीच्या, पन्नाशी उलटलेल्या. म्हणून तर त्या आपल्याकडे आल्या होत्या. तू मला जपलंस आणि माझाच गाल दाखवून त्यांना ते विकलंस. मी एक शब्द खोटा लिहिला नाही. 'मी स्वतः वापरते, मला काही झाले नाही.' अगदी खरं. तुझ्या खोट्याला माझं खरं लागत होतं, आणि ते तू दोन वर्षं माझ्याकडून लिहवून घेतलंस.

हौसाने कारणही सांगितलं. बायका परत येऊन म्हणायच्या, मऊ झालं हो, पण गोरं कुठे झालं? त्या तोंड वाकडं करून गेल्या की तू दिवसभर जेवायची नाहीस म्हणे. हे मी समजू शकते. ज्या बाईला हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या दाराने जावं लागायचं, तिच्याच ओटीवर सवाष्णी वाट बघत बसायला लागल्या. त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं तुला जड गेलं असेल. समजतं मला. पण समजलं म्हणून राग कमी होत नाही, हे या पंधरा दिवसांत कळलं.

शुक्रवारी मी पालीला गेले. नागोठण्यापर्यंत मोटार, पुढे छकडा. मनोरमाबाईंचं घर देवळाच्या मागच्या आळीत आहे. मी नाव सांगितलं. त्यांनी बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि मग डोक्यावरून गालापर्यंत ओढलेला पदर बाजूला केला. डोळ्यांभोवती पाटीसारखा काळपट रंग, गालावर सोललेले चट्टे. मी खाली बघितलं.

"तुमचं उत्तर मला पाठ आहे," त्या म्हणाल्या आणि शाळेत म्हणून दाखवावं तसं म्हणून दाखवलं. "दोष मलमात नसून वापरणारीच्या हेळसांडीत असतो. साबणाचा अतिरेक टाळावा."

माझंच वाक्य. बोटीच्या घाईत लिहिलेलं.

मग म्हणाल्या, "जरा उजेडाकडे तोंड करा." मी केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तुमचं तर छान आहे हो," म्हणाल्या. आवाजात कुजकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, दोन्ही बरण्यांचं. त्यांनी एकच विचारलं, "छापणार का हे?"

"मला तो अंक हवाय," त्या म्हणाल्या. "आळीतल्या बायका म्हणतात, म्हातारपणी नटायला गेली, देवाने दाखवलं. मी नटायला नव्हते गेले. थंडीत कातडी फुटून रक्त यायचं, म्हणून घेतलं. आता देवळात जायचं तर सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर जाते, कोणी नसताना. छापील असलं की चारचौघींपुढे ठेवता येतं. तोंडी सांगून कोण ऐकतंय?"

काल आपला भाऊ नागावहून आला होता. त्याला हौसाकडून कळलंच. म्हणाला, "मथू, गाव तिला देवमाणूस म्हणतं. गेलेल्या बाईचं नाव कशाला काढतेस? आता बरण्या होणारच नाहीत."

"झालेल्या आहेत त्यांचं काय? आज सकाळीही कोणीतरी लावली असेल."

"मग नाव न घालता लिही. 'एका मलमात' असं लिही."

"तसं लिहिलं तर प्रत्येकीला दुसरीचंच मलम वाटेल, भाऊ."

तो उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, "तिने तुला वाढवलं." आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझी वेणी तू घालायचीस, परकराला टाके तू घालायचीस. हे भाऊने सांगायला नको होतं. याच कारणासाठी मी चार कागद फाडले आहेत.

मला सांगितलं असतंस तर? मी ओरडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि त्या पुड्या तुझ्यासमोर खाडीत टाकल्या असत्या. पण तुला सोडून गेले नसते. एवढंही ओळखलं नाहीस का मला? की ओळखलंस, आणि म्हणूनच सांगितलं नाहीस? यातलं कुठलं खरं, हे तुझ्याशिवाय कोणी सांगणार नाही, आणि तू पळालीस.

आता मला पाचवा कागद घ्यायचा आहे. त्यावर पहिल्याच ओळीत नागावचं मलम असं लिहीन, तुझं नाव लिहीन, आणि ज्यांच्याकडे बरणी असेल त्यांनी ती पुरून टाकावी, उरलंसुरलं गुरांच्या खुरांनाही लावू नये, असं लिहीन. माझ्या बरणीतलं मलम आणि त्यांच्या बरणीतलं मलम एक नव्हतं, हे लिहीन. मनोरमाबाईंना दिलेलं उत्तर चुकीचं आणि उद्धट होतं, त्यांनी काहीही हेळसांड केली नव्हती, हेही लिहीन. संपादकांनी हे पान छापलं नाही, तर दुसरं पान मी देणार नाही.

एवढं वचन देते, अक्का. जोवर एकाही घरात ती बरणी असल्याचं कळतं आहे, तोवर ही सूचना दर अंकात येईल. तुझ्यावर खोटं एक अक्षर लिहिणार नाही, आणि तुला वाचवायला एक अक्षर गाळणारही नाही. अंक निघाला की पहिली प्रत घेऊन मी स्वतः पालीला जाईन. मनोरमाबाई म्हणतील तर दिवसाउजेडी, भरल्या देवळात, त्यांच्या शेजारी उभी राहीन. बायका आधी त्यांचा चेहरा बघतील आणि मग माझा. बघू दे.

तुझी आणि तुझ्यावर रागावलेली,
मथू