मी गेल्यावर

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून अक्षर वाकडं काढून पाठवतोय). तुझा खोकला गेला का? नवा चष्मा नाकावर टिकतो का?

आमच्याकडे सर्व ठीक, फक्त मी मरणार आहे. दचकू नकोस, आज नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की यंत्र थकलंय, ऑपरेशनात अर्थ नाही, गोळ्यांवर चालेल तितकं चालेल; तेव्हा घरच्यांशी मोकळेपणी बोलून घ्या. म्हटलं, त्यात काय अवघड? मी जन्मभर वर्गात बोलण्याचाच पगार घेतला.

सकाळी चहाच्या वेळी घसा खाकरून सुरुवात केली, "मी गेल्यावर..." तुझी भावजय कपबशा गोळा करत म्हणाली, "जाताय ना? मग येताना दूध आणा." (आणलं.) दुपारी मोर्चा व्यवहाराकडे वळवला. टाकीत पाणी चढवायच्या मोटरचं बटण अडकतं, त्याला खालून बुक्की मारावी लागते आणि ती विद्या घरात एकट्या मला येते. तिला हाताला धरून मोटरपाशी नेलं आणि शिकवायला लागलो. तिने माझ्याकडे न बघता एकच बुक्की मारली. मोटर सुरू! म्हणाली, "मला केव्हाचं येतं. तुम्हाला हाक मारली की तुम्ही किती ऐटीत येता, म्हणून मारते." मग तिथेच पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडलो. टाकी भरून वाहायला लागली, तेव्हा दोघं एकदमच बुक्की मारायला धावलो आणि एकमेकांवर आपटलो. त्यानंतर जे हसलो, ते लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं.

राहिले चिरंजीव. ते दातांचे डॉक्टर, आणि हा विषय निघाला की त्यांचा फोन वाजतो. म्हणून दाढ दुखते असं खोटं सांगून त्याच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीतच बसलो. पेशंटला सोडून पळणार कुठे? पण मी बोलायच्या आत त्याने "आ करा" म्हटलं. दाढ खरंच किडलेली निघाली! हिरडीत सुई, गालात कापूस, ओठावर ती लाळ ओढायची नळी. अर्धं तोंड बधिर झाल्यावर मात्र तो खालच्या आवाजात बोलू लागला. "बाबा, मला सगळं माहीत आहे. तुम्ही नसाल तर मी कुणाला विचारायचं?" ताई, माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं दोन तासांचं. तोंडून निघालं फक्त "आँ". मग मी त्याचं मनगट धरलं, ते पुढच्या पेशंटची वेळ उलटून गेली तरी सोडलं नाही. बाहेरच्या पेशंटांना वाटलं, दाढ फारच अवघड दिसते.

मुलांना आशीर्वाद. तुझा (सध्या दाढ नसलेला) भाऊ.

ता. क. भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं. मी फोनवर त्यांचं नाव काढलं की तुझ्या दारावरची बेल वाजते म्हणून तू फोन ठेवतेस. ताई, तुझ्या दाराला बेल नाही. इकडे ये. त्यांच्याबद्दल पोटभर बोलू. सवडीने ये.

आणखी एक ता. क. वरचा "सवडीने" हा शब्द खोडायचा राहिला.