कमरेला बांधलेला बत्ता

चिरंजीव विसरभोळ्या नातवास,

तुला एक आजी आहे. आठवली का? तुझे कान पिळायची, तीच.

आता तिचं रक्त दवाखान्यातलं मशीन धुतं. मशीनं दोनच, त्यातलं एक गेल्या आठवड्यात बंद पडल्याचा निरोप घरी आला. असं झालं की ज्याच्या अंगात पाणी जास्त साठलंय त्याचा नंबर आधी, आणि ते ठरतं वाढलेल्या वजनावर. मरणाला भ्याले रे! घरून निघतानाच कपड्यांखाली खलबत्त्यातला बत्ता कमरेला बांधला. काट्याला काय कळतंय, पाणी कुठलं नि लोखंड कुठलं?

नंबर मिळाला. मशीनने बत्त्याच्या वजनाचं पाणीही माझ्याच अंगातून ओढलं. पोटऱ्या वळल्या, डोळे पांढरे झाले. सिस्टर म्हणाली, "आजी, एवढं पाणी लपवता तरी कुठं?"

माझ्या शेजारच्या खाटेवरची शिवणकामवाली मात्र नंबर हुकून तशीच घरी परतली. छातीत पाणी भरलं तिच्या. नळ्या लावून कशीबशी वाचवली.

मला अक्षरओळख नाही, म्हणून हे पत्र तीच लिहून घेतेय. बत्त्याचं तिला आत्ताच कळलं. तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून तुझं नाव पुढे केलं. तिने ही ओळही लिहून घेतली. माझी मान काही वर होईना. मग म्हणाली, "सांगा पुढचं."

पुढचं काही नाही. हे पत्र पेटीत टाकू नकोस, म्हटलं तिला. ज्याला पोचायचं त्याला पोचलं.

तुझी लाजलेली आजी

ता. क. पत्र आलं नाही तरी डबा पाठव. भात आणि कमी मिठाची भाजी, दोघींपुरती. आणि वाढताना नंबर तिचा आधी.