लॅपटॉपसाठी तीन फेऱ्या

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

लॅपटॉप घेतला एकदाचा. जुना आहे, पण भक्कम आहे, असं बाबांना सांग. आपल्या ऐपतीतले नवे नुसतेच देखणे होते. दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी हा उघडून आतलं सगळं दाखवलं. म्हणाले, "बॅटरी नवी टाकलीय. शिक्षण संपेपर्यंत कुरकुर करणार नाही."

तुझे गुडघे कसे आहेत? दादा वेळेवर जेवतो ना?

एक सांगते, हसू नकोस. लॅपटॉप पहिल्याच दिवशी पसंत पडला होता. तरी तीन दिवस दुकानात जात राहिले, काहीबाही विचारत बसले. वर्गात अजून कुणाशी फारसं बोलणं होत नाही. काका मात्र स्टूल पुढे करायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला तरी नीट उत्तर द्यायचे.

काल लॅपटॉप पिशवीत घालून देताना म्हणाले, "आता तुला इकडे यायची गरज पडणार नाही."

मी विचारलं, "धूळ साफ करून घ्यायला आले तर?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "धूळ काय, रोजच बसते. येत जा."

काळजी करू नकोस, मी बरी आहे.

तुझीच,
धाकटी