शाळेत 'काहून' म्हणायचं नाही

॥ श्री ॥
धनज, कार्तिक वद्य ५, शके १८५८

चि. रामराव भावास बाईचा पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे समदे खुशाल. जवारी खळ्यावर आली, कपाशीची पहिली येचणी झाली. तू मास्तर झाल्यापासून बहिणीले पत्र लिहाचं विसरला, म्हून मीच बोरू धरला. तिसरी शिकलेली बाई लिहून राह्यली, तवा ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नको.

लिहाचं कारण आमची गोजरा. दिवाळीची सुट्टी सरली तरी तिच्या बाबानं गाडी जुपली नाही. तुह्ये भाटवे म्हणतात, पोट्टीले आता तुह्या शाळेत, जऊळक्याले धाडणं नाही. मी म्हटलं, काय झालं. तं म्हणाले, "शाळेनं माह्या पोरीले मुसकं बांधलं."

भाऊ, ते खोटं नाही बोलत. जेठात तुह्या घरी शिकाले धाडली तवा गोजरा कशी होती, तुले मालूम हाये. खळ्यावर बापाच्या मांगं मांगं फिरे आन् दर गोष्टीले सवाल. बैल बसल्यावर रवंथ काहून करते, चांदोबा आपल्या संगं काहून चालते. बापाले एकाचंही उत्तर येत नसे, पन त्याले भल्ली मजा वाटे. आता आली तं भिताडाले टेकून बसते. बापानं कौतुकानं इचारलं, काय शिकली. तिनं नद्या म्हणल्या, राजे म्हणले, पावकी-निमकी म्हणली, एका दमात, डोळे वर न करता. मंग चूप. बैलाचं मुसकं त्यानं खावू नये म्हून असते. लेकराचं कायले?

तू मारलं काय तिले? मनकर्णा मामी तिले काही बोलली काय? मनात ठेवू नको. मले तिले शिकवाची हाये रे. माही शाळा तिसरीत सुटली, तिची नाही सुटू द्याची. पन पोट्टी अशी मुकी होणार असन तं बापाशी कोणत्या तोंडानं भांडू?

मनकर्णाले आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे, वाढली तं ठेवाले जागा हाये.

तुही बाई,
प्रयाग

———

जऊळका, ता. ९ डिसेंबर १९३६

ती. सौ. बाईंस बालके रामरावाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पावले. मजकूर वाचून मनास खेद झाला व थोडे आश्चर्यही वाटले. चि. गोजरेस मी बोटही लावलेले नाही. सौ. मनकर्णा तर तिची वेणी घातल्याशिवाय स्वतः जेवत नाही. ती गेल्यापासून घर सुने झाले आहे.

आपण जिला मुकी म्हणता, ती माझ्या वर्गातील सर्वांत गुणी मुलगी आहे. मागील तपासणीस डिप्टीसाहेब आले, तेव्हा तिने त्रैराशिक अचूक सोडविले व वऱ्हाडातील नद्या एका श्वासात सांगितल्या. साहेबांनी शेरा दिला की वर्ग शांत व शिस्तीचा आहे. आरंभी ती फार बोले व तेही अगदी गावंढळ. मी तिची जीभ वळविली. गणित बिनचूक यावे, इतिहास-भूगोल मुखोद्गत व्हावा, वाणी शुद्ध व्हावी. शाळेने याहून अधिक काय शिकवावे, असे आपले म्हणणे आहे?

ती. भाटव्यांस माझा नमस्कार सांगून समजूत घालावी. संक्रांतीपर्यंत ती हजर न झाल्यास नाव कमी करणे भाग पडेल. मग चौथीची परीक्षा गेलीच, व एकदा सुटलेली मुलीची शाळा पुन्हा धरत नाही, हे आपणांस मी सांगावे असे नाही.

कृपालोभ कमी न व्हावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
रामराव

———

॥ श्री ॥
धनज, मार्गशीर्ष शुद्ध ३

चि. रामराव यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुह्यं पत्र आलं तं मले वाटलं तहसिलीचा कागद आला. सख्ख्या बहिणीले 'आपण' म्हणतं काय रे कोणी? माय असती तं तिनं तुह्या कानाले धरलं असतं.

पत्र वाचून मी गोजराले पुढ्यात घेतलं आन् डोक्याले तेल लावाले बसली. डोक्यावर हात फिरला का लेकराचं तोंड सुटते. म्हटलं, मामाले सवाल काहून नाही इचारत वं? तशी पोट्टीनं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हणे, "आई, तो शब्द म्हणू नको. मामानं सांगतलं, शाळेत 'काहून' म्हणायचं नाही."

आधी मले हसू आलं. तू 'काहून' टाकून 'का' म्हणाले शिकवून राह्यला होता, बरोबर नं? पन तिले कोणं सांगतलं का दुसरा शब्द धर? तिले वाटलं, शाळेत इचारणंच मना हाये. तुले शब्द नको होता, तिनं सवालच सोडला. मामाचं आयकाचं म्हून आयकलं बिचारीनं. मंग मात्र मले रडू आलं. तेलाचे हात तसेच डोळ्याले लागले आन् भल्ले झोंबले.

तू इचारलं का शाळेनं आखीन काय शिकवावं. मी तिसरीची बाई, मले काय समजते. पन मले वाटते, गणित काय आन् भूगोल काय, नांगर, वखर, तिफन अशे येगयेगळे अवजार हायेत. वावर एकच, ते लेकराचं डोकं. त्यात 'काहून' उगवत नसन तं नुसते अवजारं फिरवून काय फायदा?

तिच्या बाबाले सांगतलं. ते हसले नाही. म्हणाले, तुह्या भावाले इचार, त्याच्या शाळेत त्या शब्दाले जागा हाये काय. असन तं मी सोताहून आणून घालतो. नसन तं इथं मले इचारन. मले उत्तर येत नाही, पन मी तिले चूप तं करणार नाही.

आता तुह्या उत्तरावर पोट्टीची शाळा हाये. रागावू नको, आन् रागावला तरी लवकर लिही.

तुही,
प्रयाग

———

जऊळका, ता. २२ डिसेंबर

ती. बाईले साष्टांग नमस्कार,

बाई, तुह्यं पत्र ठेसनावर डाकवाल्यानं हातात देल्लं. तिथंच उभ्यानं वाचलं. गाडी आली, गेली, मले समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, आज प्रत्येकानं मला एक प्रश्न विचारायचा. पाटीवर नजर लावून समदे बसले. बाई, एकट्या गोजराची गोष्ट नव्हती. माह्या समद्या वर्गानंच तो हुकूम मानला होता आन् मी त्याले शिस्त समजत होतो. त्या शेऱ्यावर मी किती फुगलो होतो, मनकर्णाले इचार.

मंग मीच फळ्यावर बेरीज मांडली आन् म्हटलं, "पोट्टेहो, हातचा काहून घ्याचा?" आधी समदे एकमेकाकडे पाहाले लागले. मंग असे हसले का मले छडी आपटा लागली. तांड्यावरचा रूपला उठला आन् म्हणे, गुरुजी, नकाशात आमचा तांडा काहून नाही? एका पोरानं इचारलं, राजे लढाले गेले त्या साली त्यायचं वावर कोणं पेरलं? अर्ध्या सवालांले मी म्हटलं, मले मालूम नाही, पाहून सांगतो. आजलोक वर्गात असं म्हटलं नव्हतं. वाटलं होतं अब्रू जाईन. कुठं गेली? पोट्टे सुट्टी झाली तरी हालेनात.

शुद्ध भाषा मी शिकवणारच, ते माह्यं काम हाये. पन आधी बोलणं, मंग शुद्ध बोलणं, हे मले उलटं समजलं होतं. पुढच्या तपासणीले कल्ला आयकून साहेब काय शेरा देतील, देव जाणे. देतील तो देवोत.

भाटव्याले सांग, जागा हाये. माह्या गोजरीले धाड. ताटावर बसलं का मनकर्णा तिच्या पाटाकडे पाहाते.

तुहा धाकटा,
रामराव

———

जऊळका, ता. २० जानेवारी १९३७

ती. आई आन् बाबाले गोजराचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. मामीनं मला तिळाचे लाडू दिले. भूगोलाच्या तासाले आम्ही शाळेमागच्या नाल्याले गेलो आन् त्याचा नकाशा काढला. रूपलाचा तांडाही काढला. हे पत्र मामानं तपासलं नाही. म्हणाला, घरचं पत्र आहे, तुह्या मनानं लिही.

बाबा, एक इचारायचं हाये. तुमी मले सोडाले आले तवा मी दारात उभी होती. गाडी वळणापर्यंत गेली तरी तुमी मांगं पाह्यलं नाही. काहून?

आई, हे बाबाले वाचून दाखवजो.

तुमची लेक,
गोजरा

———

॥ श्री ॥
धनज, पौष शुद्ध १२

चि. गोजराले आई-बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र मी खळ्यावर जाऊन वाचून दाखवलं. बाबा बैल सोडतो म्हणून उठले. बैल तं सोडलेलेच होते, कडबा खावून राह्यले होते. मंग येऊन माह्याजवळ बसले आन् म्हणाले, तिनं इचारलं, तिले उत्तर देणं हाये. लिही.

तं ते सांगतात तसंच लिहिते. "पोरी, मांगं पाह्यलं असतं तं तुले गाडीत घालून घरी आणलं असतं."

मामा-मामीचं आयकजो. आन् इचारत राहाजो.

तुही,
आई