राखेची रेघ

आबा,

आज सकाळी खळ्यावर पुन्हा राखेची रेघ मारली. डावा हात अजून थरथरतो. मध्यंतरी तो लुळाच पडला होता. आता बोटं वळतात, पण पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा सांडतो. डॉक्टर म्हणाले, हाताला कामाला लावा, रबराचा चेंडू दाबत बसा. मी म्हटलं, दाबत कशाला बसू, माझ्याकडे मारायचा चेंडू आहे. माळ्यावरून तुमची काठी काढली. लोखंडी पातं गंजलंय, पण मुठीचं चामडं तुमच्या अंगठ्याच्या जागी अजून तसंच दबलेलं आहे. सून म्हणाली, "मामा, पडाल कुठंतरी." पडलो तर उठेन. मला हा हात चेंडूपर्यंत सरळ न्यायचा आहे, आणि ते शिकायचं तर तुमच्याकडूनच, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही थंडीपासून वळवापर्यंत घाट चढून वर महाबळेश्वरला असायचात, गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवून. पोलादपुरात तुमचं काम कुणाला धड सांगता येत नसे. "ह्याचा बापूस चेंडू शोधतो," असं आमच्या आळीतली पोरं म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. एका म्हाताऱ्या साहेबाने देश सोडून जाताना तुम्हाला ही काठी दिली होती, जवळून मारायची, आखूड, तिरक्या पात्याची. ती तुम्ही घरी आणलीत तेव्हा आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि विचारलं, "हिने आंबे पडतील काय?"

मी महाडच्या शाळेतून मॅट्रिक होऊन घरी बसलो त्या वर्षी तुमच्या गुडघ्याने दगा दिला. सव गावच्या गरम झऱ्यावर तुम्हाला नेऊन बसवायचो. तुम्ही पाण्यात पाय सोडून डोळे मिटायचात, मी काठावर बसून शाळेतल्या कविता पुटपुटायचो. नोकरीसाठी केलेल्या अर्जांची उत्तरं येत नव्हती. तेवढ्यात वरून, मैदानावरच्या मुकादमाचा निरोप आला. पिशवी उचलणारे पुष्कळ आहेत, पण नवख्या मंडळींना चेंडू मारून दाखवील असा माणूस साहेबांना हवा आहे. तुमच्या पोराला हंगाम संपता संपता आणा. त्याला जमिनीवरून चेंडू नीट मारता आला तर तुमची जागा त्याची, नाहीतर ती वरच्याच कुणाला जाईल. निरोप ऐकून तुम्ही गुडघ्यावरून हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "ऊठ. काठी घे."

मी कसा मारायचो ते आठवतं ना? आमच्या हातांना शेतीची सवय. कुदळ मारायची तर मातीत रुतवायची, भाताचं आवण काढायचं तर रोपांची मूठ खालून वर उचलायची. चेंडू समोर आला की हात तेच करायला धावायचे. कधी पातं चेंडूच्या आधीच भुईत घुसे आणि चेंडू जागचा हलत नसे. कधी उचलायला जावं तर पात्याची धार त्याच्या डोक्यावर बसे आणि तो सरपटत गोठ्यात. तुम्ही मुद्दाम खळं निवडलं होतं, सारवून सारवून दगडासारखं झालेलं. वर निशाणाभोवतीच्या हिरवळीच्या, ग्रीनच्या, कडेची तांबडी जमीन उन्हाळ्यात अशीच टणक होते, म्हणालात. चेंडू हलला नाही काय नि गोठ्यात शिरला काय, म्हैस खळ्याच्या कडेच्या धोंड्यावर बसलेल्या तुमच्याकडेच बघायची.

"खणतोस कशाला रे? विहीर पाडायची हाय काय?"

"चेंडू वर जात नाही, आबा. उचलायला नको का?"

"तुला नाय उचलायचा. पातं तिरकं कशाला केलंय? उचलायचं काम त्याचं. तू खाली मार. आधी चेंडू, मंग भुई."

हे तुम्ही किती वेळा सांगितलंत, आणि किती वेळा मी मान डोलावून पुन्हा तेच केलं. मग एका सकाळी तुम्ही लंगडत राबाकडे गेलात. भाताची रोपं करायच्या जागी पालापाचोळा नि शेण जाळून आम्ही राब भाजला होता. त्यातली टोपलीभर राख आणून खळ्यावर तिची सरळ रेघ ओढलीत आणि चेंडू बरोबर रेघेवर ठेवलात. "आता मला विचारू नको. रेघेला विचार." पात्याचा ओरखडा रेघेच्या मागे पडला, तर मी भुई आधी मारली. रेघेच्या पुढे पडला, तर आधी चेंडू. माझे सगळे ओरखडे मागे. आई दारातून ओरडली, "राब पोटासाठी भाजलाय, खेळासाठी नाय. ती राख गेली तर भात काय तुमच्या चेंडवातनं उगवायचाय?"

तुम्ही रेघ सरळ करत होतात. मान वर न करता म्हणालात, "ह्यो पण पोटाचाच राब हाय गो."

दुसऱ्या दिवशी राखेची टोपली आईनेच भरून ठेवली.

मग तुम्ही माझं अंग बदललंत. भार पुढच्या पायावर, आणि तो मारताना मागे न्यायचा नाही. हात पात्याच्या पुढे. मनगटं सैल सोडायची नाहीत. हे सगळं जमलं तरी एक उरायचं, मारायच्या क्षणी मी घाबरून झटका द्यायचो. एकदा कंटाळून मी मनातल्या मनात शाळेतलं वृत्त घोकू लागलो, मास्तर टाळीवर म्हणून घ्यायचे तसं, लगागा लगागा. 'ल'ला काठी मागे, 'गागा'ला सावकाश पुढे. चेंडू टक्‌ करून उडाला. ओरखडा रेघेच्या पुढे.

"काय पुटपुटलास?"

मी ओशाळलो. कवितेवरून तुमची बोलणी खाल्ली होती. बैल दावं सोडवून पळाला तेव्हा मी वृत्तच मोजत होतो. "कविता, आबा."

तुम्ही ओरखडा वाकून बघितलात. "मंग म्हण. मनात म्हण. ठेका बरा हाय. आणि ओरखडा बघितल्याबिगर मान वर करायची नाय. चेंडू कुठं जातो ते बघायला लोक असतात."

ठरल्या दिवशी एस्टीने घाट चढताना तुम्ही गुडघा दोन्ही हातांनी धरून बसलायत. वर पोचतो तेव्हा धुकं नुकतंच उठतंय. माझ्या कवितांचं तुम्हीच कधी वर बोलला असणार; मुकादम मला बघून म्हणतो, "या कवी. पाटी-पेन्सिल आणली का?" बाकीचे हसतात. मैदानाचे सेक्रेटरीसाहेब छत्री टेकून उभे आहेत. त्यांनी दाखवलेली जागा तांबडी, उघडी. पुढे चर, चरापलीकडे कापलेली हिरवळ आणि निशाण. मी चेंडू ठेवतो. हात आपलं जुनं काम आठवतात. पातं मातीत रुततं, चेंडू दोनदा उडी मारून चरात. कुणीतरी म्हणतं, "लावणी झाली." साहेब घड्याळ बघतात, म्हणतात, "आणखी एक."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही एका धोंड्यावर पाय लांब करून बसला होतात. हातातली टेकायची काठी जमिनीवर हळूच आपटलीत, एक आखूड, दोन लांब. तुम्हाला वृत्त कुणी शिकवलं होतं? खळ्यावर ऐकून ऐकूनच आलं असेल. मी पुढच्या पायावर उभा राहिलो. समोर रेघ नव्हती, मी ती मनात ओढली. ल. गागा.

टक्‌.

मान खालीच. चेंडू होता तिथे माती शाबूत, आणि तिच्यापुढे, निशाणाच्या बाजूला, तळहाताएवढा ताजा ओरखडा. मी तो बघतच राहिलो. आधी काही ऐकू आलं नाही, मग मुकादमाचा आवाज आला, "अरं, कवीनं मारला की." मान वर केली तेव्हा चेंडू निशाणाजवळ निजल्यासारखा पडला होता. तो हवेतून कसा गेला ते मी पाहिलंच नाही. परतीच्या एस्टीत तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "गेला तसा गेला." पार पोलादपूरच्या वळणावर आल्यावर आपणहून बोललात. "वाफ्यातनं बगळा उठतो ना, तसा. घाई नाय, धडपड नाय. वर गेला, वरच थोडा इचार केला, नि मंग बसला."

जन्मभर मी वह्या भरल्या, आबा. इतकी चांगली ओळ मला एकदाही सुचली नाही.

तो घाट तुम्ही पुन्हा चढला नाहीत. मी चढत राहिलो, केस पिकेपर्यंत. किती जणांना शिकवलं. रेघ मारायचो चुन्याची, पण म्हणायचो राखेची. आता हा हात सगळं विसरलाय. गेले कित्येक दिवस ओरखडे रेघेच्या मागे पडत होते, पहिल्या उन्हाळ्यासारखे. मी सोडलं नाही. भार पुढे, मनगट घट्ट, लगागा. आज एक ओरखडा पुढे पडला. एकच, पण पुढे. उद्या पुन्हा रेघ मारणार आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. काठीच्या मुठीला गुंडाळून ठेवीन, चामडं सैल झालंय. एवढं मात्र सांगून टाकतो. आज टक्‌ झालं, तेव्हा ओरखडा बघायच्या आधीच माझी मान वर गेली. चेंडूकडे नाही, आबा. खळ्याच्या कडेच्या तुमच्या धोंड्याकडे.