डावं कानशील

२१ ऑगस्ट १९५६

पुन्हा सुरू! हजेरी घेता घेताच डाव्या डोळ्यापुढं काजवे नाचायला लागले, तेव्हाच समजलं. घटकाभरात डावं कानशील ठणकायला लागलं. पोरांना पाढे म्हणायला लावले आणि मी भिंतीला डोकं टेकून उभा. पाढे कसले, घणच ते. पण पोरांना गप्प बसवावं तर हेडमास्तर माणिकराव डोकावणार. तरी डोकावलेच. रात्री जागरण झालं वाटतं, म्हणाले, आणि हसले. चार वर्षं झाली या दुखण्याला. या गृहस्थाला अजून वाटतं की मी रात्री भजनं करीत हिंडतो.

पाय मोडला असता तर लंगडलो असतो. ताप असता तर कुणी हात लावून पाहिलं असतं. डोकं दुखतं याला पुरावा काय दाखवायचा? माणसानं दिसणारं दुखणं घ्यावं. न दिसणारं दुखणं म्हणजे कामचुकारपणा, असा या गावचा कायदा आहे.

२३ ऑगस्ट

काल दिवसभर अंधाऱ्या खोलीत. सुगंधानं ओलं फडकं बदलत दिवस काढला. मनू दारातून डोकावून जात होती. पाच वर्षांची पोर, पण माझं डोकं उठलं की चवड्यांवर चालते. तिला तसं चालताना बघितलं की मला माझाच राग येतो. संध्याकाळी उलटी झाली, मग उतरलं.

२८ ऑगस्ट

आज भांडण केलं, आणि चांगलं केलं. दुसरीतल्या मुंजाजीची आई कमलबाई. तिच्या तान्ह्या लेकराचं पोट फुगलं म्हणून पोटावर डाग दिले. तापल्या विळ्याच्या टोकाचे! एवढंसं पोट, त्यावर भाजलेल्या रेघा. मी घरी जाऊन सगळ्यांदेखत बोललो. पुन्हा असं कराल तर पोलीस पाटलाकडं जाईन म्हणालो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, डाग तर तुमच्याच बानं देलाय. आदी त्येला न्या पाटलाकडं."

खरंच आहे. माझा बाप येडबा चार गावांत डाग द्यायला नावाजलेला. मेंढरांना आणि माणसांना एकाच विळ्यानं. आणि मी त्याचा शिकलेला मुलगा, शाळेत आरोग्याचा धडा शिकवणारा.

२ सप्टेंबर

बापाशी बोललो. उपयोग शून्य. उलट त्यानंच माझा विषय काढला. चार वर्षं तो एकच म्हणतो आहे – मला एकदा डागू दे. त्याचा हिशोब सरळ आहे. मेंढराच्या डोक्यात पाणी झालं की ते एका जागी गरगर फिरतं. मग त्याच्या कपाळावर डाग द्यायचा, की मेंढरू ताळ्यावर येतं. मी काय मेंढरापेक्षा वेगळा आहे का?

मी म्हणालो, डाग दिलेली निम्मी मेंढरं तर मरतात.

"निम्मी जगत्यात न्हवं," बाप म्हणाला.

मी उठून बाहेर गेलो. पाठीमागून माय म्हणाली की शिकल्यापासून पोरगं आपल्या हाताला लागतच नाही.

१० सप्टेंबर

पाथरीच्या हकीमसाहेबांकडं काल जाऊन आलो. म्हातारा माणूस, अदबीनं बोलतो. नाडी धरून डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "गुरुजी, दिमागमें गर्मी चढ गई है. बकरे का मगज खाओ." नाकात ओढायची एक पूडही दिली.

धनगराच्या घरात मगजाला काय तोटा! बापानं आनंदानं बोकड कापला. भेजा खाल्ला, पूड ओढली, शिंकून शिंकून बेजार झालो. आज वर्गातही शिंका. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. डोकं? ते तसंच आहे. बोकड मात्र हकनाक गेला.

२५ सप्टेंबर

रजा काढून परभणीला गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, माझ्या दातांकडं पाहिलं. दाढ किडली आहे म्हणाले, सगळं त्याच्यामुळं. दोन दाढा उपटल्या. येताना मोटारीत तोंडात कापसाचे बोळे, आणि शेजारचा माणूस गंगाखेडपर्यंतच्या नातेवाइकांच्या सोयरिकी सांगत होता.

आता डावीकडं चावता येत नाही. आणि तीच डावी बाजू ठणकते आहे. दाढा गेल्या, डोकं राहिलं!

१७ ऑक्टोबर

आज मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण इथं कुणापासून लपवू?

परभणीला पुन्हा गेलो होतो. मागचे डॉक्टर नव्हते, त्यांच्या जागी नवीन तरुण डॉक्टर. तेलंगणातले, मराठी तोडकंमोडकं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. दुखायच्या आधी डोळ्यापुढं काही दिसतं का, विचारलं. काजवे दिसतात का? उजेड सहन होत नाही का? उलटी झाली की उतरतं का? मी नुसता हो, हो करीत राहिलो. माझ्या आधीच त्यांना माझं दुखणं माहीत होतं! चार वर्षांत पहिला माणूस, ज्यानं मला खोटा ठरवलं नाही.

हे पूर्ण बरं होईलच असं नाही म्हणाले, पण हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात याचे जाणकार आहेत, त्यांच्या औषधानं पुष्कळ कमी होतं. दिवाळीनंतर मला तिथं पाठवायचं ठरलं. सरकारी शिक्षक असल्यामुळं सोय होईल. बाहेर आलो आणि लिंबाखाली बसून रडलो. एक भाजीवाली बाई विचारायला लागली, घरचं कोण गेलं?

१ नोव्हेंबर

आजपासून आपण हैदराबाद सोडून मुंबई राज्यात. झेंडा, प्रभातफेरी, पोरांना पेढे. माणिकरावांचं भाषण लांबलं. मराठी माणूस मराठी माणसाला मिळाला म्हणून मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. डोकंही दुखलं नाही. दिवाळी झाली की हैदराबाद!

६ नोव्हेंबर

कसलं हैदराबाद!

तालुक्याला रजा मंजूर करून घ्यायला गेलो. व्यंकटराव कारकून पान लावत होते. हैदराबाद आता परराज्य, म्हणाले. परराज्यात उपचाराला जायला रजा नाही. नवीन अर्ज औरंगाबादला करा, तिथून मुंबईला जाईल, नियम यायचे आहेत.

मी म्हणालो, दुखणं तर जुन्याच राज्यातलं आहे.

"मग ते तिकडंच ठेवून यायचं होतं की," व्यंकटराव म्हणाले, आणि सगळी कचेरी हसली. तुम्ही पडले हंगामी माणूस, बिनरजेचे गेलात तर नोकरी गेली म्हणून समजा, हेही सांगितलं. तिथून तसाच परभणीला गेलो, त्या डॉक्टरांना भेटायला. ते नाहीत. राज्य फुटलं तसे ते आपल्या मुलखात बदलून गेले. त्यांच्या खुर्चीवर पुन्हा दाढा उपटणारे.

ज्याच्या घोषणा दिल्या, त्यानंच माझा डॉक्टर नेला. वा रे अंगद गुरुजी!

१५ नोव्हेंबर

तिसरा दिवस. दोन ओळीही लिहवत नाहीत.

१८ नोव्हेंबर

काल डाग घेतला.

कुणी जबरदस्ती केली नाही. पाचव्या दिवशी पहाटे मीच बापाला हाक मारली आणि म्हणालो, बा, विळा तापव. सुगंधा नको म्हणाली. मी ऐकलं नाही. त्या वेळी कुणी डोकं कापून देतो म्हणालं असतं तरी मी मान पुढं केली असती.

मायनं पाय धरले. बापानं माझं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. चार गावांना डागणारा माणूस, पण विळा दोनदा जवळ आणून मागं घेतला. "लेकरा, डोळं झाक," एवढंच म्हणाला. मग चर्र झालं. मी ओरडलो. आणि माझ्या गालावर पाणी पडलं, ते बापाच्या डोळ्यांतलं होतं.

लेपाखाली आग होते आहे. पण आतलं ठणकणं थांबलं आहे. का थांबलं? पाच दिवसांनी ते थांबायचंच होतं, हे मला कळतं. कळूनही मन म्हणतं आहे, कुणास ठाऊक!

२८ नोव्हेंबर

दुखलं नाही.

५ डिसेंबर

अजून नाही! भीत भीत लिहितो.

बाप गावभर सांगत सुटला आहे. माझ्या डोक्यापायी तो दिवाळीनंतरही मेंढरं घेऊन निघाला नव्हता. गावचं गवत संपलं, मेंढरं खंगायला लागली, तरी थांबला होता. आता निघायची तयारी. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठानं, खतासाठी लोकांच्या रानात बसवायला नेणार. वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा हिंडतो आहे.

शाळेत मात्र शोभा झाली. माणिकराव माझ्या कानशिलाकडं बघून म्हणाले, आरोग्याचा धडा यंदा कोण घेणार? आणि पाणवठ्यावर कमलबाई. मोठ्यानं काही बोलली नाही. नुसतं विचारलं, "गुरुजी, आता पाटलाकडं कवा जायाचं?"

बोला, बोला. माझं डोकं दुखायचं राहिलं आहे. अब्रू देऊन राहिलं असेल तरी सौदा स्वस्तच म्हणायचा.

१३ डिसेंबर

उठलं. तेच काजवे, तीच बाजू. डागाच्या बरोबर खाली, जणू जागा दाखवायलाच डाग दिला होता.

मधल्या सुट्टीत शाळेच्या कोठीत सतरंज्यांवर जाऊन पडलो. कुणाला सांगितलं नाही. घरी तोंड धुऊन गेलो. बाप दारात घोंगडी झटकत होता. उद्या पहाटे निघणार. मला बघून म्हणाला, "आता मी रानात सुकानं झोपंन बग."

मला सांगायचं होतं. बा, गुण नाही आला. जिभेवर आलं होतं. पण तो इतका खुशीत होता की मी त्याच्या घोंगडीची घडी घालून दिली आणि आत गेलो. शिवाय सांगून तरी काय? तोंडावर डाग घेतला, गावाचं हसू सोसलं, आणि शेवटी काहीच नाही? हे मला स्वतःलाच ऐकवत नाही, तर दुसऱ्याला काय ऐकवू?

१४ डिसेंबर

पहाटे मेंढरं निघाली. वळून वळून बाप हात करीत होता. मीही केला. डोकं फुटत होतं.

२६ डिसेंबर

पुन्हा. शाळेमागं ओकलो. वडा बाधला म्हणून सांगितलं. लपवायला आता सरावलो आहे. उजेडाकडं पाठ करून बसायचं, फळ्याकडं तोंड करून शिकवायचं, दुखणं वाढलं की पोरांना शुद्धलेखन द्यायचं. सुगंधाला वाटतं शाळेत काम वाढलं.

संध्याकाळी गावातला भुजंग दारात आला. त्याच्या म्हातारीचं डोकं दुखतं, बाप कुठल्या रानात उतरलाय विचारायला आला होता. म्हणाला, "गुरुजीसारक्या शिकलेल्या माणसानं घेतला म्हनल्यावर आमी कामून भ्यावं?"

पत्ता सांगितला. नाही सांगायला हवा होता. नको नेऊ, हे तोंडातून निघेना. तसं म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मी गिळून बसलो आहे.

आता असं ठरवलं – गुढीपाडव्याला बाप परत आला की त्याला एकट्याला सांगायचं. मग गावाला. तीन महिने काढू. माझं दुखणं आहे, मीच भोगतो आहे, यात दुसऱ्या कुणाचं काय जातं?

७ जानेवारी १९५७

उद्या सेलूला, शिक्षकांची बैठक. नवीन राज्याची नवीन क्रमिक पुस्तकं समजावून देणार. मनू मागं लागली आहे, सेलूहून काय आणणार? रेवड्या म्हणालो.

१० जानेवारी

दुपारी आलो. मनू अंथरुणावर. डाव्या कानशिलाला हळदीचा लेप.

परवा डोकं दुखतंय म्हणाली म्हणे. डाव्या बाजूला. उजेड नको म्हणाली, ओकली. बाप रानात, म्हणून मायनं विळा तापवला. सुगंधानं धरलं. ती माझ्यापुढं ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "तुमाला गुण आला. मंग लेकराला कामून तळमळू द्यावं?"

मनूनं माझं बोट धरलं. "दादा, तुमचं लगेच राहिलतं का?"

सेलूपासून माझं कानशील ठणकतं आहे. मी हो म्हणालो.