वाटेचा दावा परत पाचोऱ्याला

जळगाव, १९ डिसेंबर १९९१

वडीलभावासारखे अभिमन नाना यांना छगनचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का? प्रमिलाअक्काचा खोकला कसा आहे? आमच्याकडे दावा सोडून सगळं ठीक आहे.

तुम्ही विचारलं होतं, मळ्याच्या वाटेचं काय झालं. शेजारच्या मळ्यातल्या भटूने त्याच्या बांधावरची आपली गाडीवाट काट्या टाकून अडवली ती एकोणऐंशी साली. पाचोऱ्याच्या कोर्टाने सात वर्षांनी निकाल आपल्या बाजूने दिला, काट्या निघाल्या, भटू जळगावला अपिलात गेला. त्याचा निकाल दोन तारखेला लागला. जज्जसाहेबांनी तो इंग्रजीत वाचला. मला 'सेट असाइड' एवढंच कळलं. शेजारी बसलेला गृहस्थ म्हणाला, बाजूला सारलं. मला वाटलं, भटूला सारलं. बाहेर येऊन पेढे घेतले, पट्टेवाल्याला दिले, एक भटूलाही दिला (मन मोठं ठेवावं म्हणून). त्याने तो सावकाश खाल्ला, हात पुसला आणि म्हणाला, "छगनभाऊ, तुना निकाल रद्द व्हयना. दावा परत पाचोराले धाडेल शे."

कारणं दोन. वाट फार वर्षांच्या (वीसच्या वर) वापराने आपली झाली, की दुसरी वाटच नाही म्हणून मिळायला हवी, हा मुद्दा खालच्या कोर्टाने काढलाच नव्हता, म्हणून त्यावर पुरावाही नाही. शिवाय जागा पाहायला नेमलेले कमिशनर भटूला न कळवता आले, आपल्या लिंबाखाली भरीत-भाकरी जेवले आणि तिथूनच नकाशा काढला (त्यात नाला उलटा वाहतो). आपले वकील म्हणतात, पुरावा पुरेसा असेल तर वरच्या कोर्टाने स्वतःच निकाल द्यावा. एखादा मुद्दा राहिला असेल तर तेवढाच खाली पाठवून अपील स्वतःकडे ठेवावं. अख्खा दावा परत पाठवणं हा अगदी शेवटचा उपाय. मी म्हटलं, वकीलसाहेब, हे तुम्ही तिथे का नाही बोललात? म्हणाले, बोललो की, इंग्रजीत.

जज्जसाहेबांचं सगळंच चुकलं असंही म्हणवत नाही. भिकुबाई आत्याने साक्षीत सांगितलं, माझं लग्न झालं तेव्हापासून वाट आहे. लग्न कोणत्या साली झालं, हे दोन्ही वकिलांपैकी एकानेही विचारलं नाही. आता ती चौऱ्याऐंशीची. पुन्हा साक्षीला चल म्हटल्यावर माझ्यावरच उखडली, "एकदाव सांगं ना. वाट काय तठून उठी गई का?" वाट तिथेच आहे, पण निकाल रद्द झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भटूने काट्या पुन्हा टाकल्या. कापूस फुटून लोंबतोय आणि आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्यातून नेतोय. परवा मी गाठोड्यासकट पाण्यात बसलो. भिजलेला कापूस मला उचलेना आणि आमच्या सौभाग्यवती तानुबाईला हसू आवरेना. बारा वर्षं गेली, नाना, आणि आता पहिल्या साक्षीदारापासून सुरुवात.

कालपासून वकिलांकडेच बसून आहे. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा छगन

ता. क. सत्तावन्न साली तुमची वरात मळ्यात त्याच वाटेने आली होती. तुमच्याकडे लग्नपत्रिका असेल, म्हणजे साल पक्कं. साक्षीला यावं.

ता. क. दुसरा. वरचं पत्र खिशात घेऊन घरी आलो तर अंगणात कापसाचा ढीग. मी जळगावला असताना तानुबाई भटूच्या घरी गेली. भटूने काट्या काढल्या आणि तिच्याकडून एका कागदावर अंगठा घेतला, की ही वाट आम्ही भटूच्या परवानगीने वापरतो. दोन दिवसांत सगळा कापूस गाडीने घरी आला. असा कागद दिल्यावर आपला हक्क राहतो का, हे तुमच्या धुळ्याच्या एखाद्या वकिलाला माझं नाव न सांगता विचारून कळवावं. आपल्या वकिलांना विचारायची माझी छाती नाही. ते औरंगाबादच्या हायकोर्टातलं अपील लिहीत बसलेत. तानुबाईला विचारलं, अंगठा का दिलास? म्हणाली, "दावा तुमना शे. कापूस मना शे."